आई आल्यावरच मूल का रडतं?

संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमाराला फुलपाड्यातल्या कुठल्याही चाळीच्या किंवा बिल्डिंगच्या जिन्यात हा प्रसंग ऐकू येतो. चर्चगेटहून आलेल्या लोकलमधून उतरून, विरार स्टेशनच्या पुलावरची गर्दी पार करून, शेअर रिक्षाने आई घरी पोचते. आजी दारातच सांगते, "आज दिवसभर अगदी शहाण्यासारखा होता हो. जेवला, झोपला, एकदा म्हणून रडला नाही." आई हातपाय धुते आणि डब्यातून बिस्कीट काढून देते. देताना ते मोडतं. लगेच तीन वर्षांचा नातू जमिनीवर लोळण घेतो. अख्खं बिस्कीट दिलं तर ते नको, हेच जोडून हवं. आजी म्हणते, "बघ, तू आलीस की याच्या अंगात येतं." आईच्या मनात दिवसभर जी टोचणी असते, तिच्यात आणखी भर पडते.

मूल लाडावलंय, नाटकं करतंय, आईला कामावर गेल्याची शिक्षा देतंय असे अर्थ आपण चटकन लावतो. खरं कारण वेगळं आहे. ते कळलं की लहान मुलांच्या भावना कशा घडतात हेही बरंचसं कळतं.

कळतं, पण वळत नाही

मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक, बदामाएवढा भाग असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. काही बिनसलं, काही धोक्याचं वाटलं की तो क्षणात शरीराला तयार करतो. छातीतली धडधड वाढते, श्वास जोरात येतो, हातपाय ताठ होतात. हा भाग बाळाच्या जन्मापासून कामाला लागलेला असतो, आणि ते बरंच आहे. भूक लागल्यावर किंवा दुखल्यावर टाहो फोडता आला नाही, तर तान्ह्या बाळाचं काय होईल?

कपाळाच्या मागे मेंदूचा दुसरा एक भाग आहे, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. थांबणं, वाट पाहणं, तोंडावर आलेला शब्द गिळणं, उगारलेला हात मागे घेणं ही सगळी त्याची कामं. पण हा भाग अतिशय सावकाश तयार होतो. तीन ते पाच या वयात त्याची वाढ झपाट्याने होते, तरी तो पूर्ण पक्व व्हायला पंचविशी उजाडते. म्हणून तीन वर्षांच्या मुलाला 'मारायचं नाही' हे पाठ असतं, विचारलं तर तो सांगतोही, आणि पुढच्याच मिनिटाला मारतो. तो खोटारडा नसतो. नियम माहीत असणं आणि राग चढलेला असताना तो पाळता येणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं करणारा भाग अजून कच्चा आहे.

त्यातून थांबण्याचं काम दमवणारं असतं. दिवसभर बालवाडीत रांगेत उभं राहायचं, खेळणं दुसऱ्याला द्यायचं, शेजारच्या काकूंकडे हट्ट करायचा नाही, आजीची दुपारची झोप मोडायची नाही. संध्याकाळ होईपर्यंत ती ताकद संपलेली असते. पोटात भूक आणि डोळ्यांवर झोप असते. अशा वेळी मोडलेलं बिस्कीट हे फक्त निमित्त ठरतं.

मग रडू आईसमोरच का?

दमलेलं मूल आजीसमोरही रडू शकलं असतं. ते आईची वाट का पाहतं?

लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी गेल्या शतकाच्या मध्याला मांडलं की बाळाचं आपल्या माणसाला चिकटणं हे दुधाइतकंच जगण्याच्या गरजेतून आलेलं आहे. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी 1954-55 मध्ये युगांडातल्या खेड्यांत जाऊन आया आणि बाळं यांचं महिनोन् महिने निरीक्षण केलं. ज्या बाळाला आईचा भरवसा होता ते तिच्यापासून सरकत दूर जायचं, नवी वस्तू हाताळायचं, मध्येच मागे वळून आई आहे ना ते बघायचं आणि भीती वाटली की परत यायचं. पुढे अमेरिकेत एन्सवर्थ यांनी याची रीतसर चाचणी तयार केली. तिच्यात आई थोडा वेळ खोलीबाहेर जाते आणि परत येते. आई गेल्यावर बाळ किती रडलं याला त्यांनी फार महत्त्व दिलं नाही. ती परत आल्यावर बाळ तिच्याकडे झेपावतं का आणि तिच्या कुशीत शांत होतं का, हे त्यांनी पाहिलं.

फुलपाड्यातल्या त्या आईने हे जरूर ऐकावं. मूल तिच्यासमोर कोसळतं, कारण तिथे कोसळलं तरी आपल्याला कुणी टाकणार नाही अशी त्याची खात्री असते. जिथे तोल सांभाळावा लागतो तिथे ते सांभाळतं आणि जिथे नाही सांभाळला तरी चालतं तिथे सोडतं. आपण मोठी माणसंही ऑफिसात गिळलेला राग घरी येऊनच काढतो.

हा भरवसा आईपुरताच असतो असंही नाही. बाबा, आजी-आजोबा, आत्या, रोज सांभाळणाऱ्या मावशी यांच्याशीही तो जुळतो. रोजचं, ठरावीक आणि प्रेमाने प्रतिसाद देणारं माणूस हवं, एवढीच त्याची अट. मूल आजीकडे दिवस शांतपणे काढतं ते आजीशीही त्याचं नातं घट्ट असल्यामुळे, हे आजीनेही लक्षात घ्यावं.

शांतपणाचं विरजण

रडणाऱ्या मुलाला आपण "गप्प बस" म्हणतो. म्हणजे जे काम त्याच्या मेंदूला अजून येत नाही तेच करायला सांगतो. ते शिकायचं कसं?

दुधाचं दही आपोआप लागत नाही. आधी लागलेल्या दह्यातलं चमचाभर विरजण त्यात घालावं लागतं. मुलाला शांत होता येणं असंच घडतं. आधी शेजारच्या मोठ्या माणसाचा शांतपणा त्याला मिळावा लागतो. कडेवर घेतलेल्या बाळाची धडधड आपल्या संथ श्वासाबरोबर कमी होते, आवळलेल्या मुठी सुटतात. असं शेकडो वेळा झालं की मुलाच्या शरीराला त्याची वाट सापडते, आणि चार-पाच वर्षांचं झाल्यावर ते कधी कधी स्वतःच कोपऱ्यात जाऊन, उशी पोटाशी धरून शांत होऊन येतं. आणखी एक गोष्ट प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक असते. उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही, दूध कोमट व्हावं लागतं. मूल ऐन रडण्यात असताना दिलेला उपदेश असाच वाया जातो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी शरीर, मग शब्द, मग नियम.

बिस्किटाच्या प्रसंगात ते असं होईल. आई खाली बसते, म्हणजे तिचे डोळे मुलाच्या डोळ्यांसमोर येतात. आवाज खाली आणते. मूल जवळ येऊ देत असेल तर पाठीवर हात ठेवते, ढकलत असेल तर नुसती शेजारी बसते. जरा वेळाने म्हणते, "बिस्कीट मोडलं. तुला अख्खं हवं होतं. खूप राग आला ना?" मुलाने आजीवर हात उगारला तर तो हात हळूच धरून म्हणते, "राग आला तर येऊ दे. आजीला मारू देणार नाही मी." नवं बिस्कीट द्यायलाच हवं असं नाही. भावना मान्य केली म्हणजे हट्ट पुरवला असं होत नाही. आपल्याकडे या दोन गोष्टींची गल्लत फार होते. त्यामुळे काही घरांत रडू थांबवायला लगेच मोबाइल हातात दिला जातो, तर काही घरांत रडू येण्याचीच शिक्षा होते.

भावनेला नाव देणं ही साधी गोष्ट वाटते, पण तिचा परिणाम मेंदूत दिसतो. कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मोठ्या माणसांवर प्रयोग केला. रागावलेला किंवा घाबरलेला चेहरा पाहताना त्या भावनेचं नाव निवडायला सांगितलं की अमिग्डलाची खळबळ कमी होत होती आणि कपाळामागचा एक भाग अधिक काम करत होता. मुलांकडे सुरुवातीला हे शब्दच नसतात. ते आपण पुरवायचे असतात. मराठीत ते काही कमी नाहीत. राग, रुसवा, हिरमोड, धास्ती, कंटाळा, लाज, हेवा, हुरहुर, चिडचिड. तीन वर्षांच्या मुलीला 'माझा हिरमोड झाला' असं म्हणता आलं की तिचं अर्धं रडू तिथेच ओसरतं. मुलग्यांना मात्र हे शब्द कमी मिळतात. "मुलीसारखा काय रडतोस?" या एका वाक्यात आपण त्याच्याकडून दुःख, भीती, लाज सगळं काढून घेतो आणि एकट्या रागाला परवानगी देतो. पुढे तो फक्त रागच दाखवतो, याचं आपल्याला नवल वाटू नये.

कोसबाडची अंगणं

मुलांचं मन ओळखून केलेलं काम पाहायला फुलपाड्याच्या पालकांना दूर जायची गरज नाही. विरारहून डहाणू लोकल धरली की त्याच रेल्वेमार्गावर, आपल्याच पालघर जिल्ह्यात, बालशिक्षणातलं एक मोठं काम उभं राहिलेलं आहे.

ताराबाई मोडक (1892-1973) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम केलं, 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली, आणि 1945 मध्ये त्या बोर्डीला आल्या. शहरातल्या मध्यमवर्गीय मुलांची बालमंदिरं चालत होती. गावातल्या गरीब मुलांपर्यंत ते शिक्षण पोचवायचं होतं. त्याच वर्षी अनुताई वाघ (1910-1992) त्यांना येऊन मिळाल्या. मोरगावला जन्मलेल्या अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आलं. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण ज्यांच्यासाठी काढली त्या वस्त्यांमधली मुलं येईनात. ती येत नाहीत तर बालवाडीनेच त्यांच्याकडे जावं, असं या दोघींनी ठरवलं. वस्तीतल्या एखाद्या अंगणात मुलं जमवायची, त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणवाडी जन्मली ती इथे. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. महागड्या माँटेसरी साहित्याच्या जागी खडे, शिंपले, बिया, पानं आली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरू लागली, ती कुरणशाळा.

ही गोष्ट एरवी शिक्षणाच्या प्रसाराची म्हणून सांगितली जाते. मला ती मुलांच्या मनाची म्हणूनही फार मोलाची वाटते. अंगणात मूल आपल्याच दारात असतं. पाठीमागे आपली झोपडी, शेजारी आपली आजी. एन्सवर्थ युगांडात जे टिपून ठेवत होत्या, म्हणजे भरवशाच्या जागेपासून चार पावलं पुढे जायचं आणि वाटलं तर मागे यायचं, त्याची सोय या अंगणात होती. आणि आंघोळ! ती स्वच्छतेसाठी होतीच, पण अनोळखी बाईशी नातं जोडायला याहून चांगली सुरुवात कुठली? कोमट पाणी, अंगावरून फिरणारा हात, केसांतला कंगवा. शब्दांच्या आधी स्पर्शाने ओळख होते.

धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून थोरली बहीण शाळेत येऊ शकत नाही, हे कोसबाडला लक्षात आलं तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. या रचनेला विकासवाडी म्हणतात. बहीण शिकते, भाऊ जवळच खेळतो, आणि दोघांनाही एकमेकांची खात्री असते. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं.

आज जूनमध्ये बालवाडीच्या दारात काय होतं? मूल खेळण्याकडे बघतंय असं पाहून आई-बाबा गुपचूप सटकतात. त्या दिवशी रडारड टळते, पण मुलाला एक धडा मिळतो, की नजर काढली तर आई नाहीशी होते. दुसऱ्या दिवसापासून ते पदर सोडत नाही. त्यापेक्षा पहिले काही दिवस थोडा थोडा वेळ बसावं, बाईंशी मुलासमोर हसून बोलावं, आणि निघताना सांगूनच निघावं: "डबा खाऊन झाला की आजी न्यायला येईल." तेव्हा मूल रडेल. पण आजी खरोखर आली की त्याचा शब्दावर विश्वास बसेल. शाळांनीही पालकांना आठवडाभर आत बसू द्यायला हवं. जागा नाही ही सबब मला पटत नाही, कारण कोसबाडचं काम अंगणात सुरू झालं होतं.

दुसऱ्याचं मन कधी दिसतं?

"खेळणं दे तिला, शेअर कर," असं आपण दोन वर्षांच्या मुलाला सांगतो. त्याने दिलं नाही की त्याला आपमतलबी ठरवतो.

1983 मध्ये हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर यांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. एका मुलाने चॉकलेट एका कपाटात ठेवलं आणि तो बाहेर गेला. आईने ते दुसऱ्या कपाटात हलवलं. आता मुलगा परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची बहुतेक मुलं सांगतात, "दुसऱ्या कपाटात." चॉकलेट तिथे आहे हे त्यांना ठाऊक असतं, आणि आपल्याला ठाऊक आहे ते त्या मुलाला ठाऊक नसेल हे त्यांच्या ध्यानात येत नाही. चार-पाच वर्षांची मुलं मात्र बरोबर उत्तर देऊ लागतात. दुसऱ्याच्या डोक्यात वेगळं काही असू शकतं, हे समजायला एवढा काळ जातो.

याचा अर्थ लहान मुलं निष्ठुर असतात असा नाही. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांच्या 2006 मधल्या प्रयोगात अनोळखी माणसाच्या हातून वस्तू पडली तेव्हा दीड वर्षाची मुलंही ती उचलून देत होती, कुणी न सांगता आणि बक्षिसाशिवाय. मदतीची ओढ असते. उमज हळूहळू येते. म्हणून बळजबरीने वदवलेल्या 'सॉरी'पेक्षा "बघ, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला लागलं. आपण काय करू या?" हे जास्त शिकवतं. खेळणं हिसकावून दुसऱ्याला देण्यापेक्षा "तुझं झालं की तिला दे" हे दोन्ही मुलांना समजतं.

चौकट : कोणत्या वयात साधारण काय?
(प्रत्येक मूल थोडं मागेपुढे असतं.)

- 2 ते 3 महिने : ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून हसतं.
- 8 महिन्यांच्या आसपास : अनोळखी माणसाला बुजतं, आई दिसेनाशी झाली की रडतं.
- दीड ते 2 वर्षं : आरशातलं आपण ओळखतं, 'माझं' म्हणू लागतं, 'नाही' म्हणू लागतं.
- 2 ते 3 वर्षं : दुसऱ्या मुलाच्या शेजारी खेळतं, पण आपापलं. आदळआपट याच वयात जास्त.
- 3 ते 4 वर्षं : मिळून खेळू लागतं, घर-घर आणि भातुकली रंगते.
- 4 ते 5 वर्षं : दुसऱ्याला काय वाटत असेल याचा अंदाज येतो, थोडी वाट पाहता येते.

विषामृत आणि कच्चा लिंबू

फुलपाड्यात घरं लहान आहेत. तरी पापडखिंड धरणाच्या बाजूला किंवा बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत सुट्टीच्या दिवशी मुलं जमतातच. मराठी, हिंदी, गुजराती बोलणारी मुलं एकत्र खेळतात आणि त्यांची आपली एक मिश्र भाषा तयार होते. तिथल्या विषामृताच्या डावाकडे जरा लक्ष देऊन पाहावं. 'विष' मिळालं की पळण्याच्या भरात असलेल्या शरीराला जागीच थिजवायचं आणि कुणी 'अमृत' देईपर्यंत तसंच राहायचं. कपाळामागच्या त्या भागाला याहून चांगली तालीम नाही, आणि ती मूल हसत हसत करतं. 'मामाचं पत्र हरवलं' मध्ये आपली पाळी येईपर्यंत बसून राहावं लागतं.

आणि कच्चा लिंबू! चार वर्षांची छकुली दादाच्या मागे लागते, तेव्हा मोठी मुलं तिला कच्चा लिंबू म्हणून घेतात. ती पळते, ओरडते, आउट झाली तरी तिच्यावर राज्य येत नाही. तिला गटात असण्याचा अनुभव मिळतो आणि मोठ्यांना आपल्याहून लहानाला सांभाळून खेळायची सवय लागते. कुणा मोठ्या माणसाने हे शिकवलेलं नसतं. वयाप्रमाणे वर्ग पाडलेल्या शाळेत असा प्रसंग क्वचितच येतो. तीन वर्षांच्या मुलाला वहीभर अक्षरं गिरवायला लावून खेळाची ही संध्याकाळ काढून घेणारा गृहपाठ मला साफ नामंजूर आहे.

तार तुटणं आणि जुळणं

अमेरिकेतल्या एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकात एक प्रयोग केला. आई बाळाशी खेळत असते, आणि मग दोनेक मिनिटं ती चेहरा निर्विकार ठेवून नुसती बसते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच परत येत नाही म्हटल्यावर मान फिरवतं आणि शेवटी रडू लागतं. मोबाइलमध्ये बुडालेल्या आपल्या चेहऱ्याकडे मूल बघतं तेव्हा त्यालाही प्रतिसाद मिळत नसतो.

पण ट्रॉनिक यांच्या कामातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रेमळ आया आणि त्यांची बाळं यांचेही सूर सारा वेळ जुळलेले नसतात. चुकामूक होते आणि पुन्हा जुळतं, पुन्हा होते आणि पुन्हा जुळतं. या जुळण्यातूनच बाळाचा भरवसा पक्का होतो. त्यामुळे दोन तास उभ्याने प्रवास करून आलेली आई एखाद्या दिवशी ओरडली, तर सगळं बिघडलं असं नसतं. थोड्या वेळाने जवळ घेऊन "मी मघाशी ओरडले. मी दमले होते. तुझ्यावर ओरडायला नको होतं," एवढं म्हटलं तरी जुळतं. उशिरा येणाऱ्या बाबांनीही रोज दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून मुलाशेजारी जमिनीवर बसावं, आणि खेळ मुलाला ठरवू द्यावा.

दाखवायला कधी न्यावं?

हट्ट, रडणं, चिकटणं हे या वयाचंच आहे. पण वर्ष उलटूनही मूल नावाने हाक मारली तर बघत नसेल, बोट दाखवून काही सांगत नसेल, नजर देत नसेल, आधी येणारे शब्द किंवा हसणं हरवत असेल, स्वतःला वारंवार इजा करून घेत असेल, किंवा चार वर्षांनंतरही आदळआपट रोजच होऊन बराच वेळ चालत असेल, तर 'मोठा झाला की बोलेल' म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. ऐकू येतं का, हे आधी तपासून घ्यावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांची तपासणी करतं, आणि गरज असेल तर पुढे पाठवतं. हे विनामूल्य असतं. आपल्या गल्लीतली अंगणवाडी कुठे आहे हे माहीत नसेल तर शेजारी विचारावं, आणि पथक कधी येणार ते सेविकाताईंकडून समजून घ्यावं. मूल खासगी बालवाडीत जात असलं तरी ही चौकशी करून ठेवावी.